नवख्यांच्या वर्गात एक मुरलेला

हेर व्हायला जे गुण लागतात ते सगळे माझ्यात उपजतच आहेत. चेहरा असा, की तीनदा चष्मा करून नेलेलं गिऱ्हाईक चौथ्यांदा माझ्याकडेच बघून विचारतं, "मालक कुठे गेलेत?" आवाज असा, की मी घरात काही बोललो तर बायको दाराकडे बघते. आणि वर डोकं तल्लख! म्हणजे निदान या प्रकरणापर्यंत तरी माझा तसा ठाम समज होता.

चर्चच्या कमिटीत मी इमारतीचा प्रमुख आहे. खुर्च्या, पंखे, पाण्याची टाकी, माइक, गेटचं कुलूप, सगळं माझ्या ताब्यात. माझा जन्म या चर्चच्या मंडळीतला, बाप्तिस्मा मंडळीतला, लग्न मंडळीतलं. दुधाचे दात आले ते चर्चच्या बाकाची कड चावून! अशा मुरलेल्या माणसाला श्रद्धेबद्दल कोणी काय नवीन सांगणार?

आता तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांत प्रवचनं किती ऐकलीत? त्याचं असं आहे, की मी बसतो माइकच्या खोलीत. तिथे माणूस शब्द ऐकत नाही, आवाज ऐकतो. खरखर येतेय का, घुमतोय का, एवढंच. त्यात मधेच टाकी भरून वाहायला लागते. कोणाची तरी गाडी कोणाच्या तरी गाडीमागे अडकते. मी आपला धावत सुटतो. सेवा म्हणतात ती हीच!

तर झालं असं. आमचे जुने पाळक, म्हणजे धर्मगुरू, निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक पाळकबाई आल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की दर गुरुवारी संध्याकाळी मागच्या हॉलमध्ये 'विश्वासाची तोंडओळख' नावाचा वर्ग सुरू होणार. ज्यांना ख्रिस्ती विश्वासाबद्दल काहीही माहीत नाही अशांसाठी. चहा मिळेल, सक्ती नाही, आणि कोणताही प्रश्न विचारलेला चालेल.

हे शेवटचं वाक्य आमच्या कमिटीच्या अध्यक्षांच्या घशात अडकलं. ते तडक माझ्या दुकानात आले आणि डोळे तपासायच्या उंच खुर्चीत चढून बसले.

"कोणताही प्रश्न! अहो, लोक वाट्टेल ते विचारतील! आणि बाई काय उत्तरं देतील, कोणाला ठाऊक? कोणीतरी जाऊन ऐकायला पाहिजे."

"मग आपण जाऊ की."

"आपण गेलो तर बाई जपून बोलणार. माणूस नवखा वाटला पाहिजे, पण आतून जाणकार पाहिजे. चूक झाली की टिपणारा." ते माझ्याकडे रोखून बघायला लागले. "तुम्हाला बाईंनी पाहिलंय?"

"नाही. त्यांच्या स्वागताच्या दिवशी मी गच्चीवर होतो. टाकीचा बॉल अडकला होता."

"उत्तम! मग ठरलं. आणि हे घरीसुद्धा सांगायचं नाही."

मी विनयाने मान खाली घातली. जाणकार! इतक्या वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात आलं होतं!

बायकोला सांगितलं, की दर गुरुवारी फिरायला जाणार आहे. तिने माझ्या पोटाकडे एकदा बघितलं आणि चटकन विश्वास ठेवला. ती रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवते. तिला कळलं असतं, तर मंडळीला वेगळं सांगायची गरजच पडली नसती.

पहिल्या गुरुवारी मी हॉलमध्ये पाऊल टाकलं ते एक तत्त्व मनाशी धरून. प्रभूच्या घरात खोटं बोलायचं नाही. फक्त खरं सांगायचं नाही!

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. काही मंडळी अवघडून बसली होती. पाळकबाई भिंतीवरच्या बटणांशी झटापट करत होत्या. "फारच उकडतंय, पण पंखा काही लागत नाही."

मी ताडकन उठलो. "डावीकडून तिसरं. नुसतं दाबून उपयोग नाही, दाबून वर ढकलायचं. आणि रेग्युलेटर दोनवरच ठेवा, तीनवर गेला की कुरकुरतो."

पंखा फिरायला लागला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्ही आधी इथे आला होता का काका?"

"छे! कधीच नाही! मला... पंख्यांचा अंदाज येतो."

चहा यायच्या आत तत्त्वाचा निकाल लागला होता.

मग ओळखी झाल्या. माझ्या डाव्या हाताला एक पार्लरवाली बसली होती. म्हणाली, "दिवसभर बायकांचे केस कापते. केस कापताना बायका सगळं बोलतात. माझं मात्र कोणाला सांगावं, कळत नाही. परवा एक बाई जाता जाता म्हणाल्या, 'मी तुझ्यासाठी प्रार्थना करते हं.' त्या गेल्या आणि मी शटर खाली ओढून रडले. का रडले तेच कळेना. ते कळतंय का बघायला आलेय."

उजव्या हाताला निवृत्त बस ड्रायव्हर होते. आडवेतिडवे, दणकट, आणि आवाज हॉर्नसारखा. "उतारावर ब्रेक गेला होता माझा. मागे सगळी बस भरलेली. मी कधी देवबिव न मानणारा माणूस, पण तोंडातून सारखं निघत होतं, 'अहो! अहो! अहो!' बस मातीच्या ढिगाऱ्यात जाऊन थांबली. कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. पण मी 'अहो' कोणाला म्हणत होतो? तेव्हापासून चैन नाही. त्यांचा पत्ता लागतो का बघायला आलोय."

मग माझी पाळी आली.

"माझं चष्म्याचं दुकान आहे. मला काहीच माहीत नाही."

"वा!" पाळकबाई खूश झाल्या. "काहीच माहीत नसणं ही फार छान सुरुवात आहे, काका."

मी मनातल्या मनात असा हसलो म्हणता! बिचाऱ्या बाई! समोर कोण बसलंय, कल्पनाच नाही!

"सुरुवातीला एक सोपा प्रश्न," बाई म्हणाल्या. "येशूची जीवनकथा सांगणारी पुस्तकं बायबलमध्ये आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. ती किती, कोणाला माहीत आहे का?"

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण म्हटलं, अगदीच बावळट दिसण्यात अर्थ नाही. एखादं उत्तर बरोबर देऊन टाकावं. कोणी तोंड उघडायच्या आत मी खणखणीत आवाजात सांगितलं, "बारा!"

ड्रायव्हरदादा चाचरत म्हणाले, "चार ना? एकदा कोणीतरी बसमध्ये पुस्तिका दिली होती, त्यात चारच होती."

"चार," बाई हळुवारपणे म्हणाल्या. "बारा शिष्य होते, काका. पण आकडा बायबलमधलाच सांगितलात हं!"

पार्लरवालीने माझ्याकडे बघून धीराचं स्मित केलं. पोहता न येणाऱ्याकडे बघून करतात तसं.

घरी गेल्यावर मी पाणी पिता पिता सहज विचारल्यासारखं बायकोला विचारलं, "अगं, शुभवर्तमानं किती गं?"

"मत्तय, मार्क, लूक, योहान. का हो?"

"काही नाही. फिरताना एकाने कोडं घातलं होतं."

पुढच्या गुरुवारी मी भरपाई करायचं ठरवलं. बाईंनी विचारलं, "दहा आज्ञांमधल्या कोणाला काही सांगता येतील का?" हे तर माझ्या हातचंच! मी बोटं पुढे केली. "चोरी करू नको. खून करू नको. व्यभिचार करू नको. खोटी साक्ष देऊ नको. आईबापांचा मान राख. शब्बाथ दिवस पाळ."

सगळे कौतुकाने बघायला लागले. आणि इथे माझी गाडी रुतली. सातवं बोट हवेत तसंच! नजर भिंतीवरून फिरायला लागली आणि तोंड आपोआप चालू लागलं.

"खुर्च्या ओढू नका, उचला. बाहेर पडताना पंखे बंद करा."

पार्लरवालीने ते मनापासून लिहून घेतलं. ड्रायव्हरदादांना मात्र शंका आली. "त्या काळी पंखे होते?"

बाईंनी ओठ दाबून भिंतीकडे बोट केलं. तिथे पाटी होती. माझीच! माझ्याच हाताने, माझ्याच ब्रशने रंगवलेली!

आता मात्र हेराचा अभिमान दुखावला. म्हटलं, उत्तरं पुरे झाली, आता प्रश्न विचारू. असा प्रश्न, की बाईंची बोबडी वळली पाहिजे. तिसऱ्या खेपेला मी हाताची घडी घातली, पाय लांब केले, नास्तिक माणूस बसत असावा तसा बसलो आणि म्हणालो, "देव आहे म्हणता ना? मग हाक मारली तर उत्तर का देत नाही?"

बाईंची बोबडी वळली नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी मारली होती हाक?"

मी काहीतरी रचून सांगायला तोंड उघडलं. आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"धाकटा भाऊ दवाखान्यात होता तेव्हा."

नाटकात हे नव्हतं हो! भावाला जाऊन कित्येक वर्षं झाली. त्याच्याबद्दल मी घरातसुद्धा बोलत नाही. आणि इथे, माझ्याच मालकीच्या असल्यासारख्या त्या खुर्च्यांमध्ये बसून मी सांगत सुटलो, की त्या दिवसांत मी कसा जिन्यात बसून पुन्हा पुन्हा तेच एक मागणं मागत होतो, आणि तो कसा घरी आलाच नाही. मी चष्मा काढून डोळे पुसायला लागलो. हेही नाटकात नव्हतं!

पार्लरवालीने रुमाल पुढे केला. ड्रायव्हरदादांनी माझा कप पुन्हा भरला. पाळकबाईंनी काही उत्तरबित्तर दिलं नाही. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि माझ्या खुर्चीला लावून ठेवली. बसल्या तशाच.

आता अध्यक्षांना मी काय सांगू? उत्तर दिलं नाही, खुर्ची जवळ घेतली? यात बाई पास की नापास?

निघताना त्यांनी विचारलं, "काका, रविवारी मंडळीला तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगू का? नाव घेणार नाही."

मी नाक शिंकरत होतो. नाव घेणार नाही म्हणाल्या, म्हणून मान डोलावली. इथेच सगळा घात झाला!

रविवारी मी माइकच्या खोलीत. या खोलीला छोटीशी खिडकी आहे, आणि वर्ग सुरू झाल्यापासून मी तिला पडदा लावून टाकला होता. प्रवचन संपलं. बाई म्हणाल्या, "नवख्यांच्या वर्गात एक गृहस्थ येतात. त्यांच्या परवानगीने सांगते आहे. नाव सांगत नाही. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे..."

अख्ख्या मंडळीला ठाऊक असलेलं चष्म्याचं दुकान एकच! कारण अख्ख्या मंडळीला मीच सवलत देतो!

मी आवाजाच्या बटणावर झडप घातली. इतकी वर्षं हाताखालचं बटण! डावीकडे फिरवलं की आवाज कमी, उजवीकडे फिरवलं की जास्त. पण घाबरलेल्या माणसाला डावं-उजवं असतं कुठे? मी पूर्ण ताकदीने उजवीकडे पिळलं.

"...त्यांच्या मनात देवाविषयी शंका आहे!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कबुतरं उडाली. पलीकडच्या रस्त्यावरच्या भाजीवाल्याने म्हणे तराजू खाली ठेवला. आणि त्यामागून माइकने जी शिट्टी मारली, तिने लहान मुलं एकसाथ रडायला लागली!

"माइकवाल्या बंधूंनी कृपया जरा लक्ष द्यावं," पाळकबाई म्हणाल्या. शंकावाला बंधू आणि माइकवाला बंधू एकच आहे, हे त्या सभागृहात फक्त त्यांनाच माहीत नव्हतं!

पडद्याच्या फटीतून बघितलं तर सगळी डोकी माझ्या खिडकीकडे वळलेली. मुलांच्या रांगेत बसलेली बायको सगळ्यात शेवटी वळली. मी टेबलाखाली बसलो.

कोणीतरी बाईंना जाऊन सांगेल आणि सगळा उलगडा होईल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आमची मंडळी भलतीच समंजस! बिचाऱ्याची लाज झाकली पाहिजे म्हणून सगळ्यांनी तोंडं घट्ट मिटली. शिवाय बाईंना तो कोण हे माहीतच असणार, असं प्रत्येकाने धरून चाललेलं.

घरी मी तोफेच्या तोंडी जायच्या तयारीने गेलो. तर बायकोने चहा पुढे केला. त्यात साखर! माझी साखर तिने कधीचीच बंद केली होती.

"दमला असाल," ती इतक्या मऊ आवाजात म्हणाली, की माझ्या अंगावर काटा आला.

"कशाने?"

"असंच... शंकांनी."

मी अध्यक्षांची ताकीद गुंडाळून ठेवली. "अगं, कसली शंका नि काय! मला अध्यक्षांनी पाठवलंय तिथे! गुप्तपणे! बाई बरोबर शिकवतात का बघायला! थांब, तुझ्यासमोर फोन लावतो."

अध्यक्षांचं आदल्याच दिवशी परगावी गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला.

"कोण?"

"मी, इमारत!"

"इमारत पडली?"

"नाही हो! मला तुम्ही वर्गात बसवलंत ना, ते जरा माझ्या बायकोला सांगा!"

"कोणाच्या बायकोला? सिस्टर, कोण आहे हा माणूस? आणि माझा दुसरा पाय कुठे गेला?"

फोन बंद झाला. बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. "येतात हो शंका माणसाला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यासाठी त्या आजारी माणसावर कशाला ढकलता?"

दुसऱ्या दिवशी माझे मोठे मेहुणे बॅग घेऊन दारात हजर! बायकोचे हे थोरले भाऊ निवृत्त मुख्याध्यापक आहेत. मी खोकलो तरी त्यांना वाटतं, मागच्या बाकावर कोणीतरी गडबड करतंय.

"जावईबापू, बसा. देवाने सृष्टी निर्माण केली. पहिल्या दिवशी काय केलं?"

"उजेड."

"दुसऱ्या दिवशी?"

मी छताकडे बघितलं. छताला ओल आली होती.

"बघ गं," मेहुणे सुस्कारा सोडून बहिणीला म्हणाले, "पहिल्याच दिवसानंतर घसरलेत."

मग दिवाणखान्यात महिला मंडळाची प्रार्थना झाली. मधोमध एक खुर्ची, खुर्चीवर मी. दुकानात तऱ्हाच निराळी. मंडळीतलं कोणी चष्मा करायला आलं, की मी त्यांचे डोळे तपासायच्या आधी तेच माझ्या डोळ्यांत खोल खोल बघायचे! चहात साखर वाढत चालली. आणि मी कितीही शपथेवर सांगितलं, की माझा विश्वास शाबूत आहे, तरी बायको "हो हो" म्हणायची. तापात बरळणाऱ्याला म्हणतात तसं.

आता एक गोष्ट मला समजावून सांगता येणार नाही. एवढं सगळं होऊन मी गुरुवारी जायचं थांबवायला हवं होतं की नाही? पण मी जात राहिलो. अध्यक्षांना काय सांगायचं ते अजून ठरलं नाही, असं मी स्वतःला बजावत होतो. प्रत्यक्षात गुरुवारी दुपारपासूनच माझं घड्याळाकडे लक्ष असायचं. एकदा तर गिऱ्हाइकाला एकच काच बसवून देऊन मी दुकान बंद केलं! येशूने गोष्टीरूपाने सांगितलेला, घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाचा दाखला बाईंनी सांगितला, बाप लांबूनच त्याला ओळखतो आणि धावत सुटतो तो. ऐकता ऐकता ड्रायव्हरदादा हॉर्नच्या आवाजात रडले. मी हा दाखला माइकच्या खोलीतून निदान वीसदा तरी वाजवला असेन. ऐकला पहिल्यांदाच!

शेवटून दुसऱ्या गुरुवारी मी कपबशा गोळा करत होतो. बाई जवळ येऊन म्हणाल्या, "काका, पाण्याचं तुमचं नक्की ना?"

आता पाणी म्हटलं की मला टाकीच दिसते! इतक्या वर्षांची सवय. मी छाती पुढे काढून म्हणालो, "पाण्याची तुम्ही काळजीच करू नका! मी आहे ना!"

बाईंचे डोळे भरून आले. टाकीबद्दल एवढी आस्था बघून मलाही बरं वाटलं.

शेवटच्या गुरुवारी घरच्यांनाही बोलावलं होतं. माझ्या घरच्यांना मी अर्थातच काही सांगितलं नव्हतं. पण मी बाहेर पडलो आणि मेहुणे बायकोला घेऊन मागोमाग निघाले. शिकार ठरलेली असल्यासारखे! मी खुर्चीवर टेकतोय तोच दोघं दारातून आत.

पाळकबाई उभ्या राहिल्या. चेहरा नुसता फुललेला. "आज मला फार आनंद होतोय. पुढच्या रविवारी आपल्यातले काही जण पाण्याने बाप्तिस्मा घेणार आहेत. आणि सर्वांत आधी पाण्यासाठी कोण तयार झालं असेल? ज्यांना सर्वांत जास्त शंका होत्या ते आपले चष्मेकाका!"

टाळ्या! ड्रायव्हरदादांनी मला खुर्चीसकट मिठी मारली.

"यांचा बाप्तिस्मा?" टाळ्यांच्या वरून माझ्या बायकोचा आवाज आला. "अहो, यांचा बाप्तिस्मा कधीच झालाय!"

"नसता झाला तर आम्ही मुलगी दिली असती का?" मेहुणे गरजले.

पाळकबाईंना काही उमजेना. "म्हणजे? काका तर काहीच माहीत नाही म्हणाले होते. पहिल्यांदाच आलेत ना इथे?"

"पहिल्यांदा?" बायको म्हणाली. "अहो, हे कमिटीत आहेत!"

"कुठल्या कमिटीत?"

"याच! तुमच्या डोक्यावर फिरतोय तो पंखा यांचाच!"

सगळ्यांनी आधी पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आता सुटका नव्हती. मी उठलो आणि सगळं सांगून टाकलं. अध्यक्ष, उंच खुर्ची, टाकीचा बॉल, हेरगिरी, माइकचं बटण, सगळं.

बायको एका दमात म्हणाली, "म्हणजे तुमची श्रद्धा गेलेली नाही?"

"नाही गं! केव्हापासून सांगतोय!"

"मग मी एवढे दिवस चहात साखर कशाला घालत होते?"

पाळकबाई शांतपणे खाली बसल्या. मला वाटलं, आता या रागावणार. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "मग काका, मी बरोबर शिकवलं का?"

"अगदी बरोबर! एकही चूक नाही!"

"तुम्हाला कसं कळलं?"

मी भिंतीवरच्या माझ्या पाटीकडे बघायला लागलो.

ड्रायव्हरदादांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. आणि मग तो उजेड गेला. "म्हणजे ती बारा शुभवर्तमानं, ते खुर्च्या ओढू नका, ते सगळं नाटक होतं? आमची गंमत बघत होता तुम्ही?"

काय सोन्यासारखी संधी होती बघा! नुसतं "हो" म्हणायचं. बायको समोर, मेहुणे समोर. जन्मभराच्या मुरलेल्या विश्वासणाऱ्याने नवख्याचं सोंग घेतलं आणि मुद्दाम चुकीची उत्तरं दिली! मेहुण्यांच्या नजरेत तर मी एकदम वर चढलो असतो. 'हो' अगदी दातांपर्यंत आला. तेवढ्यात माझं लक्ष पार्लरवालीकडे गेलं. तिने मान खाली घातली होती आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती.

"नाही," मी म्हणालो. "सोंग होतं ते काहीच माहीत नसल्याचं. उत्तरं मात्र खरीच होती. मला वाटत होतं, बाराच आहेत."

पंखा दोनवर असूनही मला कुरकुरल्यासारखा वाटला.

"आणि तुमचा भाऊ?" पार्लरवालीने विचारलं.

"तोही खराच."

बायकोने माझ्याकडे चमकून बघितलं. मेहुण्यांनी काहीतरी बोलायला घसा खाकरला, तेव्हा तिने त्यांना हातानेच थांबवलं. आयुष्यात प्रथम!

पार्लरवाली पर्स बाजूला ठेवून उभी राहिली. "एक सांगू? पहिल्या दिवशी मी पळून जाणार होते. मला वाटलं, इथे सगळे शिकलेले, सगळ्यांना सगळं येणार, मी काही विचारलं तर हसतील. चप्पल कुठे काढलीय ते बघून ठेवलं होतं मी. आणि हे काका एवढ्या जोरात म्हणाले, बारा! म्हटलं, अरे वा! यांना चालतंय, तर आपल्याला न चालायला काय झालं? मी बसले ती यांच्यामुळे बसले."

"खरं सांगायचं तर मीसुद्धा," ड्रायव्हरदादा म्हणाले. "चार म्हणायची हिंमत मला यांच्यामुळेच आली. माझ्याहून अडाणी कोणीतरी आहे म्हटल्यावर जरा मोकळं वाटलं."

सगळे हसले. बाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

रविवारी त्या दोघांचा बाप्तिस्मा झाला. मी माइकच्या खोलीला कुलूप घालून पुढच्या बाकावर बायकोच्या शेजारी बसलो. टाकी दोनदा वाहिली म्हणतात. मला काही ऐकू आलं नाही. जाताना मेहुणे मात्र एक अट घालून गेले. मी रविवारी बायकोच्या वर्गात, लहान मुलांच्या रांगेत, शेवटच्या स्टुलावर बसायचं!

काही दिवसांनी पाळकबाई दुकानात आल्या. मला वाटलं, राजीनामा मागणार. त्या उंच खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, नवा वर्ग सुरू करतेय. तुमच्याशिवाय व्हायचं नाही."

माझी छाती फुगली. "शिकवायला?"

"छे!"

"मग व्यवस्था बघायला?"

"नाही हो. पहिल्या दिवशी सगळे फार घाबरलेले असतात. तुम्ही नुसतं येऊन बसायचं. आणि मी प्रश्न विचारला, की सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचं."

हे मला लागलं. मी म्हणालो, "बाई, आता ते दिवस गेले! मी दर रविवारी अभ्यास करतोय. आता मला बरीच उत्तरं येतात!"

त्या जरा काळजीत पडल्यासारख्या दिसल्या. "एखादं विचारून बघू? मत्तयकृत शुभवर्तमान कोणी लिहिलं?"

आता मी कच्च्या गुरूचा चेला थोडाच राहिलो होतो! एवढा सोपा प्रश्न कोण विचारेल? यात काहीतरी मेख असणारच. मी नीट विचार केला, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि ठामपणे सांगितलं, "लूकने!"

बाई खुर्चीवरून उतरल्या. चेहऱ्यावरची सगळी काळजी गेली होती.

"गुरुवारी या काका," त्या म्हणाल्या, "आणि अजिबात तयारी करू नका हं!"